मोठ्यांच्या मीटिंगला संघनायकाला बोलवायचं का?

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या शाळांमध्ये स्काऊट-गाईडची धांदल सुरू होते. खरी कमाईचे, म्हणजे मुलांनी श्रम करून पैसे मिळवायचे स्टॉल, पन्हाळ्याची एखादी पदभ्रमंती, मग जिल्हा मेळाव्याची तयारी. त्याआधी कधीतरी स्टाफरूममध्ये एक मीटिंग होते. मुख्याध्यापक, स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन, एक-दोन पालक, चहा, आणि टेबलावर गेल्या वर्षीची फाईल. काय ठरायचं ते तिथं ठरतं. ज्यांच्यासाठी ठरतं ती पोरं तेव्हा ग्राउंडवर दोऱ्यांच्या गाठी मारत असतात.

या मीटिंगला मुलांपैकी कुणाला तरी बसवायला काय हरकत आहे, असा प्रश्न अधूनमधून एखादा पालक किंवा नवीन शिक्षक काढतो. त्यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं, 'पोरांना काय कळतंय त्यातलं, आणि ऐकलेलं बाहेर सांगत सुटतील.' दुसरं, 'चळवळच मुलांची आहे, मग मुलं हवीतच.' माझ्या मते दोन्ही उत्तरं घाईची आहेत. खुर्चीवर कोण बसणार हे नंतर बघू. आधी बघायला हवं, की बोलायचा विषय कोणता आहे आणि तो मुळात कुणी ठरवायचा आहे.

ज्यांचा स्काऊटशी संबंध फक्त गणवेश आणि स्कार्फ एवढाच आला, त्यांच्यासाठी थोडी रचना सांगतो. साधारण १० ते १७-१८ वयाची मुलं स्काऊट किंवा गाईड असतात. सहा-आठ जणांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, मदतीला उपसंघनायक. असे तीन-चार संघ मिळून पथक होतं. गाईडच्या पथकाला कंपनी म्हणतात. पथकाला एक प्रौढ प्रमुख असतो, स्काऊटमास्तर किंवा कॅप्टन. त्याहून लहान ते कब आणि बुलबुल, मोठे ते रोव्हर आणि रेंजर. आपल्याकडे हे सगळं भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेखाली चालतं. स्वातंत्र्याआधी देशात स्काऊटच्या वेगवेगळ्या संघटना होत्या. त्या १९५० मध्ये एकत्र आल्या, पुढच्या वर्षी गाईडही त्यात आल्या.

यातला कणा म्हणजे संघ आणि संघनायक. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा जमलेल्या वीसेक मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका थोराड मुलाच्या हाती दिला. मोठा माणूस शिकवेल, लक्ष ठेवेल, पण संघ चालवणार मुलगा. पुढं सगळीकडे हीच पद्धत रुजली.

म्हणूनच स्काऊटमध्ये मुलांची स्वतःची मीटिंग आधीपासून आहे. संघातल्या पोरांनी एकत्र बसून बोलायचं ती संघसभा. सगळ्या संघांच्या नायकांनी बसायचं ती मानसभा. मानसभेत स्काऊटमास्तर असतो तो सल्ला द्यायला. पुढच्या महिन्यात काय करायचं, कुणाचं वागणं बिघडलंय, पथकाच्या निधीचं काय करायचं, कुणाचं नाव पुढं पाठवायचं, हे सगळं तिच्यापुढं यायला हवं. तिची टिपणवही असते, आणि तिथं झालेलं बाहेर बोलायचं नाही असा जुना संकेत आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण. बहुतेक शाळांत मानसभा कागदावर असते. तपासणीच्या आठवड्यात टिपणवही एका बैठकीत भरली जाते, अक्षर एकाच मुलीचं, आणि ठराव सरांनी सांगितलेले. याला शिक्षकांचा आळस म्हणणं सोपं आहे, पण कारण वेगळंही आहे. स्काऊटचा तास आठवड्यात एकदा, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. स्काऊटमास्तर मूळचा गणिताचा किंवा पीटीचा शिक्षक. वर्ग, निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं यातून त्याला वेळ काढायचा असतो. मुलांना विचारून ठरवायला तास लागतो, स्वतः ठरवायला पाच मिनिटं.

अशा शाळेत एका संघनायकाला उचलून मोठ्यांच्या मीटिंगला बसवलं तर काय होईल? काही नाही होणार. तो गणवेशात येईल, सॅल्यूट करेल, कडेच्या खुर्चीवर बसेल, 'तुला काही सांगायचंय का?' असं विचारल्यावर 'नाही सर' म्हणेल, आणि फोटो निघेल. मुलांच्या सहभागावर काम केलेल्या रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्याने सहभाग मानलंच नाही. मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं बोलावणं, या त्या तीन. आपल्या फोटोतला संघनायक तिसऱ्या पायरीवर असतो. कधीकधी दुसऱ्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की मानसभा चालत नसेल तर मोठ्यांच्या मीटिंगचा विचार नंतर करा. त्या मुलाच्या मागे इतर मुलांचं काही बोलणं झालेलंच नसेल, तर तो कुणाच्या वतीने बोलणार?

मानसभा चालते अशा ठिकाणी मात्र चित्र बदलतं. एका शाळेतली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे. दोन रात्रींच्या शिबिराची मीटिंग होती. तंबू कुठं, शेकोटी कुठं, कोणत्या दिवशी कोणता उपक्रम, सगळं पाठ असल्यासारखं चाललं होतं. कॅप्टन मॅडमनी एका संघनायिकेला बोलावलं होतं, आठवी-नववीतली असेल. ती बराच वेळ गप्प होती. जेवणाचा मेनू झाल्यावर तिने वहीतला कागद काढला आणि वाचून दाखवलं, की गेल्या शिबिरात मुली दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. संडास तंबूंपासून लांब होते, वाटेत दिवा नव्हता, आणि रात्री जायला लागू नये म्हणून सगळ्या जणी बाटली भरलेलीच ठेवत होत्या. दोघींना दुसऱ्या दिवशी चक्कर आली होती. मोठ्यांच्या लेखी ती उन्हाची चक्कर होती. गेल्या वर्षीच्या फाईलमध्येही 'ऊन जास्त' असंच लिहिलेलं होतं.

खोलीतल्या पुरुषमंडळींनी चहाचे कप उगाच सरकवले. मग मुलींचे तंबू हलले, बॅटऱ्या वाढल्या, रात्री दोन मॅडम कुठं झोपणार ते ठरलं. ही माहिती त्या टेबलावरच्या कुणाकडेही नव्हती, आणि कितीही अनुभव असता तरी नसतीच. आणखी एक बघण्यासारखं आहे. ती पोरगी स्वतःचं बोलली नाही, कागद वाचला. तो कागद चार संघांच्या मुलींनी आधी बसून केला होता. 'मला भीती वाटते' हे चौदा वर्षांची मुलगी मुख्याध्यापकांपुढं बोलेल का? 'आमच्या कंपनीचं म्हणणं असं आहे' हे ती बोलू शकते.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे.

त्याच मीटिंगमध्ये पुढचा विषय असतो शिबिराची फी. कुणी भरली, कुणी नाही. एका मुलाचे वडील वारलेत, त्याची फी शाळेने भरायची का? एकाच्या घरी भांडणं चालू आहेत, आई म्हणते पाठवू नका, वडील म्हणतात पाठवा. एकाला फिट येते, त्याच्या गोळ्या कुणाकडे ठेवायच्या? हे बोलायलाच हवं, आणि वर्गमित्रासमोर बोलता कामा नये. संघनायक कितीही शहाणा असला तरी हे त्याच्या कानावर पडणं त्या दुसऱ्या मुलावर अन्याय आहे. आणि त्या संघनायकावरही. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडून तोच मुलगा बसणार आहे.

याहून गंभीर विषय असतो मुलांच्या सुरक्षिततेचा. एखाद्या मोठ्या माणसाच्या वागण्याबद्दल तक्रार आली, तर तिथं मीटिंग घेऊन चर्चा करण्याचीही मुभा नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ती शिक्षा मुलांना लागू नाही, मोठ्यांना आहे. पीडित मुलाची ओळख उघड करण्यावरही कायद्याने बंदी आहे. थोडक्यात, ही जबाबदारी कायद्याने मोठ्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. ती 'मुलांनाही सहभागी करून घेऊ' म्हणून वाटून घेता येत नाही.

पैशाच्या कागदांचंही तसंच. आपल्याकडे १८ वर्षांखालची व्यक्ती करार करू शकत नाही. तंबूवाल्याशी बोली, बसचं भाडं, बँकेची सही, अपघात झाला तर उत्तर कुणी द्यायचं, हे सगळं मोठ्यांचं. पण इथं एक बारीक गफलत होते. सही मोठ्यांची आहे म्हणून निर्णयही पूर्ण मोठ्यांचा, असं गृहीत धरलं जातं.

खरी कमाईचंच घ्या. मुलांनी श्रम करून चार पैसे मिळवायचे, हा तो उपक्रम. शाळेच्या पटांगणात स्टॉल लागतात, भेळ, पॅटिस, ताक, कुणाच्या आईने केलेल्या चकल्या. मुलगा पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी घासाघीस करतो, सुट्टे पैसे मोजतो, कांदा किती चिरायचा याचा अंदाज चुकवतो. संध्याकाळी डब्यातली रक्कम मोजून मॅडमकडे जाते. पुढं त्याचं काय झालं हे विचारलं तर निम्म्या मुलांना सांगता येत नाही. काही वाटा वरच्या कार्यालयाला जातो, उरलेल्यातून पथकासाठी काही येतं, बहुधा बॅनर. ज्याने कांदा चिरून डोळे चोळले त्याला बॅनर हवा होता की संघाला नवीन दोर हवे होते, हे कुणी विचारलेलं नसतं. पावती मोठ्यांनी करावी, हिशेब मोठ्यांनी तपासावा, पण नियमाप्रमाणे वाटा वजा झाल्यावर उरलेले पैसे कशाला वापरायचे हे मानसभेने सांगावं, आणि हिशेबाचा कागद संघनायकांना दाखवावा. यात कुठला कायदा आडवा येतो?

म्हणजे मीटिंगचे विषय आपोआप तीन गठ्ठ्यांत पडतात. उपक्रम, ठिकाण, जेवण, गणवेशाच्या कटकटी, खरी कमाईचा विनियोग हे मुलांनी आधी ठरवायचे आणि मोठ्यांपुढं मांडायचे; तिथं मुलं हवीतच, आणि नुसती ऐकायला नकोत. प्रवास, खर्चाचा अंदाज, हवामान, शिबिराची तारीख यांत दोघांनी बसून बोलायचं. अंतिम शब्द मोठ्यांचा, पण कारण सांगून. आणि घरची परिस्थिती, आजार, तक्रारी, शिक्षकांमधले वाद यांच्या वेळी मुलांनी खोलीत असू नये. मीटिंगचा क्रमच असा लावायचा, की पहिले दोन गठ्ठे आधी संपतील. मग 'चला, तुमचं काम झालं, जा आता' असं मधेच उठवावं लागत नाही. मधेच उठवलेलं पोरांना लागतं, आणि बाहेर गेल्यावर आत काय शिजतंय याच्या कथा ती स्वतः रचतात.

एक विषय यातल्या कुठल्याच गठ्ठ्यात नीट बसत नाही, तो म्हणजे पुरस्काराची नावं. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान असे टप्पे पार करत मुलं राज्य पुरस्कारापर्यंत जातात, काही राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत. आपल्याकडे दहावीला या पुरस्कारांचे सवलतीचे गुण असतात, त्यामुळे पालकांचे कान टवकारलेले असतात. जुन्या पद्धतीप्रमाणे मानसभेचं मत इथं महत्त्वाचं, कारण कोण खरंच काम करतो आणि कोण फोटोपुरता येतो हे संघाइतकं कुणाला माहीत नसतं. पण गुणांचा प्रश्न आला की मुलांमुलांत कडवटपणा येऊ शकतो. माझं मत असं, की मानसभेने कामाबद्दल लेखी टिपण द्यावं आणि शिफारशीची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. याबाबत वेगळं मत असलेले चांगले स्काऊटर, म्हणजे पथकं चालवणारे मोठे, मला माहीत आहेत.

'पोरं ऐकलेलं बाहेर सांगतात' या आक्षेपाबद्दल मात्र मला फारसा आदर नाही. स्टाफरूममधली गोष्ट संध्याकाळच्या आत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, ती काही पोरं नेत नाहीत. आणि मानसभेत गुप्तता पाळायला आपण त्यांना शिकवतोच ना? खरा धोका वेगळा आहे. बोलावलेला मुलगा 'सरांचा चमचा' ठरतो. म्हणून त्याला सरांनी निवडू नये, मानसभेने निवडावं. आणि एकाला नको, दोघांना बोलवा, एक स्काऊट, एक गाईड. एकटं पोर सात मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही. दर काही महिन्यांनी नावं बदला, नाहीतर वक्तृत्व स्पर्धेतली तीच ती दोन मुलं प्रत्येक खुर्चीवर दिसतात.

कोल्हापूरकरांना मीटिंगला बसणं तसं नवीन नाही. इथं तालमीच्या आणि मंडळाच्या मीटिंगला दहावीतलं पोरगं चहा वाटायला म्हणून जातं आणि भिंतीला टेकून ऐकत ऐकत वर्गणीचं पुस्तक कसं लिहायचं, परवानगी कुठं काढायची, आणि दोन गटांचं भांडण कुणी आणि कसं मिटवायचं, हे शिकून जातं. पाच-सात वर्षांत तेच खजिनदार होतं. कुणी त्याला नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलेलं नसतं. फक्त त्या मीटिंगमध्ये त्याला विचारत कुणी नाही, आणि मुलगी तर तिथं सहसा नसतेच. स्काऊट-गाईडला या दोन्ही गोष्टी सुधारून घेता येतील.

बाहेरच्या देशांत काय करतात? अमेरिकेत साधारण रीत अशी, की संघनायकांची परिषद वर्षाचा कार्यक्रम आखते, आणि प्रौढांची समिती त्याला लागणारे पैसे, सामान, गाड्या आणि परवानग्या बघते. मुलांचा प्रमुख समितीपुढं जाऊन आपला कार्यक्रम सांगतो आणि परत येतो. ब्रिटनमध्ये १४ ते १८ वयाची मुलं लहानांच्या गटात 'यंग लीडर' म्हणून काम करतात आणि त्या गटाच्या नियोजनात भाग घेतात. दोन्हीकडे मुलांना काम आधी दिलं जातं, आणि त्या कामापुरती ती मोठ्यांच्या टेबलावर येतात. आपल्याकडे याला तात्त्विक आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबतीत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचं वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. कलम मुलाच्या म्हणण्याप्रमाणेच करा असं म्हणत नाही. ऐका आणि वजन द्या, एवढं म्हणतं. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवरही विद्यार्थी प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे, तेव्हा शाळेला ही कल्पना परकी नाही.

बोलवायचं ठरलं तर काही साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. मीटिंग शाळा सुटल्यावर लगेच घ्या. रात्री आठला कुणाच्या घरी मीटिंग आणि मग मुलगी केएमटी बसने एकटी परत, हे चालणार नाही. पालकांना आधी कळवा. मीटिंगच्या आधी किंवा नंतर मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही याची काळजी घ्या. जगभर स्काऊटमध्ये आता हा दंडक आहे. मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मुलांना घेऊ नका, तिथं रात्री अकराला काय येईल सांगता येत नाही. विषयपत्रिका दोन दिवस आधी संघनायकाच्या हातात द्या, म्हणजे त्याला मानसभेत बोलता येईल. आणि मीटिंगमध्ये मुलांना पहिल्यांदा बोलू द्या. मुख्याध्यापकांनी 'मला वाटतं पन्हाळाच बरा' म्हटल्यावर 'नाही सर, मसाई पठार' म्हणणारं मूल अजून जन्माला यायचंय.

रोव्हर-रेंजरचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्यावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. हा विभाग साधारण पंचविशीपर्यंत जातो. म्हणजे त्यातली कॉलेजची कित्येक पोरं कायद्याने सज्ञान आहेत, मतदान करतात, गाडी चालवतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच वयाची कोल्हापूरची पोरं गुडघा-कमरेइतक्या पाण्यात लोकांना बाहेर काढत होती. जिल्हा मेळाव्यात मात्र त्याच वयाचा रोव्हर सतरंज्या उचलतो, मंडपाच्या दोऱ्या ओढतो, आणि नियोजनाच्या मीटिंगला दाराबाहेर उभा राहतो. त्याला 'युवा सदस्य' म्हणून बाहेर ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. गुप्ततेचं कारण म्हणाल, तर ती पाळायची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते. सहीचं म्हणाल, तर त्याची सही चालते. १८ पूर्ण झालेल्या रोव्हर-रेंजरला नियोजनाच्या बैठकीत पूर्ण सभासद म्हणून घ्यावं, मतासकट. आजार आणि तक्रारींच्या विषयांपुरता तोही बाहेर जाईल, जसे पालक प्रतिनिधीही गेले पाहिजेत. पालक प्रतिनिधी जात नाहीत, ते एक वेगळंच दुखणं आहे.

पालकांचा एक प्रश्न उरतो: अभ्यास बुडेल का? तीन महिन्यांतून एकदा, अर्धा तास. आणि मीटिंग झाल्यावर आणखी दहा मिनिटं मानसभेसाठी ठेवा, कारण गेलेल्या दोघांनी काय झालं हे बाकीच्यांना सांगायचं असतं. 'मसाई पठार नाही म्हणाले, कारण तिथं पाण्याची सोय नाही. पण जेवणाचं आपलं ऐकलं' असं काहीतरी. ते टिपणवहीत लिहायचं, त्याच दिवशी, ज्याची पाळी असेल त्याच्या अक्षरात.